पिपाणीच्या पेटीतला स्पीकर

१

आमच्याकडे स्पीकर निवडायला आलेला माणूस आधी भरपूर बोलतो. त्याला आवाज भरदार हवा असतो, पण बोदा नको असतो. धारदार हवा असतो, पण टोचायला नको असतो. मी सगळं ऐकून घेतो, त्याच्या अँपच्या पाठीवर किती ओहम लिहिलेत ते बघतो, अँपचा जोर सोसतील असे दोन-तीन स्पीकर मांडणीवरून काढतो आणि एकेक करून त्याच्या पेटीत बसवतो. मग तो गिटार वाजवतो, मी डोळे मिटून ऐकतो आणि शेवटी एकावर बोट ठेवतो. लोक मुकाट्याने तोच घेऊन जातात. या धंद्यात माझ्या कानाला मोठा मान आहे.

तो मान चालू असतानाच कान गेला. गेला तो वरच्या टोकाकडून. आधी संध्याकाळचे किडे गप्प झाले. मला वाटलं, यंदा किडेच कमी असतील. मग किटलीची शिट्टी गेली, मग घड्याळ, मग दाराच्या बिजागरीची कुरकुर. माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी बोलायला लागली. तळातला धप्प आणि घुम्म एवढंच काय ते शाबूत राहिलं.

मी कुणाला सांगितलं नाही. कानात यंत्र घालून स्पीकर विकायचे म्हणजे टकल्याने केस वाढायचं तेल विकण्यासारखं. त्यापेक्षा मी एक युक्ती काढली. गिऱ्हाईक वाजवत असताना हात पेटीवर ठेवायचा, डोळे मिटल्यासारखे करायचे आणि पापण्यांच्या फटीतून त्याचा चेहरा बघायचा. ज्या स्पीकरला त्याच्या भुवया वर जातील तो स्पीकर त्याचा. आजवर एकानेही तक्रार केली नाही. उलट "काय कान आहे हो तुमचा" म्हणून जायचे, आणि ते गेले की मला कुठे तोंड लपवावं असं व्हायचं. लाज वाटायची. दुसरा शब्द नाही त्याला.

आणि मग माझ्या मुलीच्या पेटीतला स्पीकर जळाला.

तिला घरात सगळे पिपाणी म्हणतात. जन्मल्याबरोबर तिने असा काही सूर लावला होता, की सुईणबाईंनीच हे नाव ठेवलं. आता ती मोठी झाली आहे, गिटार वाजवते, आणि बाप म्हणून सांगत नाही, फार चांगली वाजवते. एका स्टुडिओला कायमचा गिटार वाजवणारा हवा होता. तिथला माणूस रविवारी तिच्या बँडचा कार्यक्रम ऐकायला येणार होता. तसल्या कामात बोटं सगळ्यांचीच चालतात, खरी परीक्षा कानाची. केसाएवढा फरक ऐकू यायला लागतो, आणि पिपाणीला तो येतो. कान बापाचा घेतलाय, असं सगळे म्हणतात.

"बाबा, तुम्हीच निवडा," ती म्हणाली. "रविवारपर्यंत हातात वेळ नाही, आणि तुम्ही निवडलेला चुकत नाही."

२

दुपारी ती पेटी घेऊन दुकानात आली. जळक्या कॉइलचा वास दारातूनच आला. नाक अजून ठणठणीत आहे माझं. मी जुना स्पीकर काढला, पहिला नवा बसवला आणि तिला म्हटलं, वाजव.

तिने वाजवलं. मला धप्प ऐकू आलं. पापण्यांच्या फटीतून बघितलं तर ती खाली मान घालून वाजवत होती, आणि केस चेहऱ्यावर आलेले. भुवया बिवया काही दिसेनात. दुसरा बसवला. पुन्हा धप्प, जरा गोलसर. ती वर बघून माझी वाट बघत थांबली. परक्या माणसाला थाप मारणं सोपं असतं. मी खोकलो आणि म्हणालो, "थांब, अजून एक बघू."

तिसरा मांडणीच्या तळाशी होता. एका बंद पडलेल्या सभागृहाचं सामान मोडीत निघालं तेव्हा आलेला, नाव ना गाव, पाठीवरची पट्टीही खरवडलेली. जुन्या स्पीकरला आधी छोटी बॅटरी लावून बघतात. तारा टेकवल्या की कागदाचा कोन टुणकन बाहेर येतो; म्हणजे जिवंत आहे. हा आत गेला. उलटा. मागे कुणीतरी कॉइल बसवताना टोकं अदलाबदल केली असणार. एका पेटीत दोन स्पीकर असतील तर असं चालत नाही, एक ढकलतो नि एक ओढतो आणि दोघं मिळून आवाज खाऊन टाकतात. पण पिपाणीच्या पेटीत एकच बसतो. एकटा असला की उलटा काय नि सुलटा काय, कुणाला पत्ता लागत नाही. हे मी स्वतः कितीतरी जणांना सांगितलं आहे.

बॅटरी काढल्यावर कोन लगेच जागेवर यायला हवा होता. तो तसाच आत राहिला आणि मग हळूहळू परत आला. जुना कागद, सैल पडला असेल, असं म्हणून मी तो बसवला.

तिने सूर छेडला आणि माझे डोळे खरोखरच मिटले.

सगळं होतं. तारेवरून बोट सरकताना होणारी चीं, नखाची खरखर, सूर विझत जातानाचं शेवटचं बारीक टोक. इतक्या वर्षांनी. सूर संपल्यावरही मला कसलीशी टिकटिक ऐकू येत राहिली, आणि लक्षात आलं की ती तिच्या मनगटावरच्या घड्याळाची आहे. मी पटकन पाठ फिरवून पेचकस शोधायला लागलो.

"बाबा, जरा बंद वाटत नाही हा?" ती म्हणाली.

"नवा बसवला की तसंच वाटतं. थोडा वाजव, सुटेल."

ही तशी सबंध थापही नव्हती. नवे स्पीकर वाजवून वाजवून खरंच सुटतात. पण हा नवा नव्हता, आणि मी तो तिच्यासाठी निवडत नव्हतो. हे मला त्याच क्षणी माहीत होतं.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय ना, मग हाच."

३

पुढचे दिवस सुखाचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी कपात चमचा फिरला की मी ऐकत बसायचो. नळाची धार, वर्तमानपत्राचं पान. बायको कणीक मळावी तसं एका लयीत कपडे घासताना गुणगुणते, हे मी विसरूनच गेलो होतो. ती अजून गुणगुणत होती. मी तिला म्हटलं, "तोच सूर अजून?" तिने चमकून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घासायला लागली. कानातला मळ निघाला असेल, असं मी स्वतःला समजावलं. कधीकधी होतं तसं म्हणतात.

मग एके दिवशी दुकानात एकटाच तारांना कथलाचा डाग देत बसलो होतो आणि लाकडी फळी करकरली.

आमच्या दुकानाला सिमेंटची जमीन आहे. फळी पुन्हा करकरली, अगदी माझ्या पायाखाली. मी पाय उचलले. कुठेतरी माशी काचेवर आपटत होती, बझ्झ, टप, बझ्झ, टप. कुणीतरी गुडघ्यावर काड्या वाजवत होतं. मी बाहेर जाऊन बघितलं. शेजारचं गोदाम बंद, समोरचा शिंपी जेवायला गेलेला. आत येऊन बसलो तर माशी चालूच. आमच्या खिडकीला काच नाही, जाळी आहे.

संध्याकाळी पिपाणी सराव करून आली आणि हात धुता धुता आईला सांगायला लागली, "आज काय, बंबने माशीच्या मागे सगळा वेळ घालवला. काचेत अडकली होती. मारूही देईना." बंब म्हणजे त्यांचा ड्रम वाजवणारा, अंगाने तसा आहे म्हणून बंब. त्यांची सरावाची खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

माशा काय सगळीकडेच असतात, असं मी म्हटलं. मनात, अर्थात.

पण त्याच रात्री जेवताना दुसरी गोष्ट झाली. मी आणि पिपाणी समोरासमोर बसलो होतो. बायको माझ्या डाव्या हाताला ओट्याशी होती. तिने झाकण ठेवलं आणि ते मला उजवीकडून ऐकू आलं. तिने ओढणी झटकली, नळ बंद केला, सगळं उजवीकडून. मी मुद्दाम डोळे मिटून बघितलं. आवाजावरून विचाराल तर ओटा माझ्या उजव्या हाताला होता.

डोळे उघडले. समोर पिपाणी खाली मान घालून जेवत होती. ओटा तिच्या उजव्या हाताला होता.

४

पिपाणी कधीच यंत्रावर गिटार जुळवत नाही. तसली यंत्रं लावणाऱ्यांची ती टिंगल करते. म्हणून तिने गिटारच्या डोक्याला ते छोटं दिव्याचं यंत्र अडकवलेलं मी बघितलं तेव्हा जागीच थांबलो. ती खुंटी पिळत होती आणि हिरवा दिवा लागायची वाट बघत होती.

"काय ग, मघापासून हाका मारतेय," बायको दारात येऊन म्हणाली.

"काय?"

"हाका मारतेय म्हटलं."

"डोकं दुसरीकडे होतं, आई."

तरुण पोरं तंद्रीत असतात. रविवार जवळ आलाय, टेन्शन असणार. हिशोब मला कळत होता, पण तो मांडायला बसायची हिंमत नव्हती. मी दुकानात निघून गेलो आणि दिवसभर कामाला जुंपून घेतलं.

दुपारनंतर फळी पुन्हा करकरली. मग बंबचा आवाज आला. जरा लांबून आल्यासारखा, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"पिपाणी, एक सांगू? हा स्पीकर बदल. गोधडीत गुंडाळून वाजवतेयस असं वाटतं."

"बाबांनी निवडलाय."

"मग काय झालं? त्यांना सांग, नाही आवडला. ते काय मारणार आहेत?"

आणि मग ती बोलली. तिचा आवाज बंबसारखा समोरून आला नाही. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला जबड्यातून, कवटीतून, आतून ऐकू येतो ना, तसा तिचा आवाज मला आतून ऐकू आला. माझ्या दातांत तो घुमला.

"त्यांना ऐकू येत नाही, बंब."

"कुणाला?"

"बाबांना. बरीच वर्षं झाली. मला नि आईला माहीत आहे. आम्ही त्यांच्याकडे तोंड करून, जरा सावकाश बोलतो. हाक मारायच्या आधी खोलीतला दिवा लावतो, म्हणजे ते आपसूक वर बघतात. आम्हाला कळलंय हे त्यांना कळू देत नाही. तेवढंच तर आहे त्यांच्याकडे, त्यांचा कान. तो मी कसा काढून घेऊ?"

"अगं पण रविवार?"

"वाजवेन की. स्पीकरचं काय एवढं." फळी करकरली. "खरं सांगू का? परवापासून मलाच सगळं बंद बंद ऐकू येतंय. स्पीकर असला काय नि नसला काय. तू बोलतोयस तेसुद्धा."

टेबल जळाल्याचा वास आला तेव्हा मी हातातलं डाग द्यायचं यंत्र उचललं. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ते काय, हे मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या समजलं. किती वर्षं मी डोळे मिटून मान हलवत होतो, आणि घरातल्या दोन बायका माझ्यासाठी दिवे लावत होत्या.

तरीही मी म्हटलं, हे मनाचे खेळ असतील. माणूस एकटा बसला की काहीबाही ऐकतो. संध्याकाळी घरी आलो, आतल्या खोलीत पाठमोरा बसून राहिलो आणि वाट बघत राहिलो. पिपाणी आली. भिंतीवरचं बटण खटकन दाबल्याचं मी ऐकलं. दिवा लागला. मग ती म्हणाली, "बाबा, चहा ठेवू?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईशी स्वयंपाकघरात बोलत होती तेव्हा मी तिच्या खोलीत गेलो. पेटी भिंतीशी होती. अँप वेगळा ठेवलेला, मधली वायर गुंडाळून खुंटीला लावलेली. म्हणजे स्पीकरला कशाचाच आधार नव्हता. तो मुका असायला हवा होता. पेटीची पाठ अर्धी उघडी असते. मी त्यातून हात घातला आणि बोटं कोनाच्या मागच्या अंगाला टेकवली.

कोन हलत होता.

स्पीकर आणि माइक ही तशी एकाच रक्ताची भावंडं. स्पीकरसमोर बोललं तर त्याचा कागद थोडाफार थरथरतो, हे शाळेतल्या पोरालाही समजावता येईल. मी स्वतःला तेच समजावत होतो. पण हा थरथरत नव्हता. स्वयंपाकघरात पिपाणीच्या आईने कप ठेवला की तो एवढासा माझ्याकडे ओढला जायचा आणि तिथेच राहायचा. नळ सुटला की पुन्हा थोडा. परत जात नव्हता. माणूस नीट ऐकू यावं म्हणून श्वास आत घेऊन थांबतो, तसा तो थांबला होता. कागद कोमट लागत होता.

पक्कड माझ्या खिशात होती. दोन तारा तोडायच्या, चार पेच सोडायचे. रोजचं काम.

तेवढ्यात खिडकीबाहेर कुठलासा पक्षी बोलला. फार बारीक, वर चढत जाणारा आवाज. असला आवाज मी केस काळे असताना ऐकला असेन. मी पक्कड हातात धरून ऐकत उभा राहिलो. पक्षी थांबला, पुन्हा बोलला. तो उडून गेला तेव्हा मी पक्कड खिशात ठेवली आणि खोलीबाहेर आलो.

कारणं मी तयार ठेवली होती. ऐन वेळी स्पीकर बदलला तर पोरगी बावचळेल. कार्यक्रम झाला की लगेच काढू. शिवाय स्पीकरने कुणाचे कान जातात, असं कुणाला सांगितलं तर मलाच दवाखान्यात नेतील. सगळी कारणं चांगली होती. मला तो पक्षी ऐकायचा होता, आणि तो मी माझ्या लेकीच्या कानांनी ऐकत होतो. ही लाज मी आधीच्या कुठल्याच लाजेशेजारी ठेवू शकत नाही.

त्याच दुपारी दुकानात एका माणसाला स्पीकर दाखवत होतो आणि माझ्या मानेमागे हॉर्न वाजला. एवढ्या जवळून की मी स्पीकर टाकून उडी मारली. हॉर्न थांबेना. ब्रेक किंचाळला. "ए बाई, बहिरी आहेस का?" असं कुणीतरी ओरडलं. मी दुकानाच्या मधोमध उभा राहून "बाजूला हो, बाजूला हो" असं म्हणत होतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं.

पिपाणी घरी आली तेव्हा तिचं कोपर सोललेलं होतं. "पाय घसरला," ती म्हणाली. माझ्याकडे तोंड करून, सावकाश.

६

रविवारी दुपारी, कार्यक्रमाला बराच अवकाश असताना, मी हॉलवर गेलो. पिशवीत दुकानातला तो पहिला स्पीकर घेतला होता, साधा, नवाकोरा, सुलटा. रंगमंचावर कुणी नव्हतं. पोरं मागच्या खोलीत होती. बंब हसत होता आणि कुणीतरी खुर्ची ओढत होतं, ते मला त्या खोलीत बसल्यासारखं ऐकू येत होतं. मी अँपचं बटण बंद केलं, पेटी फिरवली, पाठीची फळी सोडवली आणि टॉर्च आत धरला.

दाराला कान लावून बसलेला माणूस, दार एकाएकी उघडलं की कसा चटकन मागे सरकतो? चुंबकाच्या कडेला असलेलं काहीतरी तसं सरकलं. आत, कोनाच्या पोटाकडे. तिकडे सरकायला जागा नव्हती. मला दिसली ती एक कड, कातडीच्या रंगाची, आणि मग तीही नाही. कोन मात्र जरा वेळ हलत राहिला.

हातांना काम माहीत होतं. तारा तोडल्या. पेच सोडले. स्पीकर बाहेर काढून टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत तळाशी कोंबला. मग गुडघ्यावर बसून वाट बघत राहिलो. आता पुन्हा पाणी चढेल, बंबचं हसणं बोदं होईल, सगळं धप्प आणि घुम्म होईल. मी त्याला तयार होतो. खरंच तयार होतो.

काहीच झालं नाही. मागच्या खोलीत कुणीतरी बाटलीचं झाकण फिरवलं आणि ते माझ्या कानाशी फिरलं.

"बाबा, तुम्ही इथे?"

पिपाणी गिटार गळ्यात अडकवून विंगेतून आली. पेटीचं तोंड समोर, जाळीचं कापड लावलेलं. आत भोक आहे हे तिला दिसायचं कारण नव्हतं. मी उभा राहिलो. पुढे काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही, म्हणून जे होतं ते बोललो.

"मला ऐकू येत नव्हतं, पिपाणी. कित्येक वर्षं. मी लोकांचे चेहरे बघून स्पीकर विकत होतो. तुझ्यासाठी हा निवडला तो तू वाजवल्यावर मला ऐकू आलं म्हणून. तुला तो बंद वाटला होता, तू सांगितलंही होतंस. मी माझी सोय बघितली. तुझे कान गेले ते माझ्यामुळे गेले. मला चार दिवसांपूर्वी कळलं होतं आणि मी गप्प बसलो. मला माफ नको करूस, पण आज वाजवू नकोस. चल, आपण डॉक्टरकडे जाऊ."

माझा आवाज मला समोरून ऐकू येत होता, ती उभी होती तिथून. एक म्हातारा होत चाललेला माणूस घोगऱ्या आवाजात बोलत होता. एकही शब्द गाळला नाही त्याने.

पिपाणी माझ्याकडे बघत होती. डोळ्यांकडे. ओठांकडे बघायची सवय तिला अजून लागली नव्हती. माझं बोलणं संपल्यावर ती आणखी थोडं थांबली, मी अजून काही बोलतोय का ते बघत, आणि मग हसली.

"नाही हो, अजिबात भीती वाटत नाहीये," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा होता. "तुम्ही उगाच काळजी करता."

तिने वायर उचलून गिटारला लावली. पेटीकडे वळून एक सूर छेडला. अँपचा दिवा विझलेला होता. रिकाम्या रंगमंचावर मला फक्त उघड्या तारा ऐकू आल्या, बारीक, पत्र्याच्या डब्यावर नख मारावं तशा. तिने मान कलती करून पेटीकडे कान नेला. सूर विझेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे तोंड केलं.

"बघा बाबा, किती गोड वाजतोय," ती म्हणाली. "तुम्ही निवडलाय म्हटल्यावर काय."

हॉलचं मागचं दार उघडलं. स्टुडिओचा माणूस आत आला आणि खुर्च्यांमधून पुढे यायला लागला. त्याच्या बुटांचा आवाज मला पहिल्या पावलापासून ऐकू येत होता. पिपाणी माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हणालो. "फार गोड."